दुधाचे दोन ग्लास

सुमे, मी नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी कोराडीच्या कॉलनीतली बस सुटायला आली होती आणि आई दुधाचे दोन ग्लास सांभाळत धावत आली. "थांब गा जरासा, पोरगी दूध पेऊन राहिली," असं तिने कंडक्टरला दरडावलं आणि तो बिचारा थांबलासुद्धा. बावीस वर्षांच्या घोडीने सगळ्या बसदेखत दूध प्यायलं. शेजारी तू, तेरा वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, फिदीफिदी हसत होतीस. माझ्या अंगातला स्वेटरही तुझाच. लोकांकडे थोरलीचे कपडे धाकटीला येतात, आपल्याकडे तुझे मला.

तुला कामठी आठवायची नाही. बाबा तिथे पॉवरलूमवर रोजंदारीत होते. माग बंद पडले की दूध चहापुरतंच. मला हिवाळाभर खोकला, आणि आई ओव्याची पुरचुंडी शेकत बसायची. मग बाबा कोराडीच्या वीज केंद्रात पर्मनंट झाले. क्वार्टर, दवाखाना, दारात दूधवाला. तू तेव्हा दोन वर्षांची, मी अकराची. तुझ्या हाडांना सगळं वेळेवर मिळालं.

आईने सरळ ठरवून टाकलं: तुला एक ग्लास, मला दोन. "पे वं, मांगचं भरून निघते." कुठलं भरून निघतंय! एका ग्लासावर तू ताडमाड वाढलीस, दोनांवर माझं पोट तेवढं गुडगुडायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं, की वाढीचं एक वय असतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "त्याले काय समजते," आणि दोन ग्लास भरले. मला तिचा फार राग यायचा.

आता माझ्या फ्लॅटच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या असतात. माझी लेक खुशाल "नको" म्हणते, आणि मी ग्लास उचलून ठेवते. तिला ते परवडतं. आईला कामठीत काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळतं आणि गलबलून येतं.

परवा घरी आले, तर आईने पुन्हा दोन ग्लास पुढे ठेवले. तू मागून डोळे मिचकावलेस.

"आई, आता काय वाढणार हाय मी?"

"काहून नाही? पे."

पुण्यात माझं काही राहून गेलंय, हे कुणाच्या गावीही नाही. इथे आईने अजून आशा सोडलेली नाही. मी दोन्ही ग्लास संपवले. पोटाचं काय ते पुण्याला गेल्यावर बघू.