कोंडवाड्यातले रविवार

राखणीला कुत्रं पाहिजे, असं मायनं एका सकाळी जाहीर केलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत चोराच्या हाती लागेल असं काहीच नव्हतं. बाबांची सायकल होती, तिची चेन दर वळणाला उतरायची. ट्रान्झिस्टर होता, तो थापट मारल्याशिवाय बोलायचा नाही. चोर आलाच असता तर कीव येऊन चार भांडी ठेवून गेला असता. मी हे सगळं बोलून दाखवलं. मायनं ऐकून घेतलं, पिठात पाणी ओतलं आणि तरीपण पाहिजे, एवढंच म्हणाली.

मी त्या वर्षी कॉलेजात जायला लागले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. पूर्वी आम्ही चुडाव्याजवळच्या एका खेड्यात राहत होतो. नामांतराचा वाद पेटला, आमच्या वस्तीतली घरं एकेक करून उठायला लागली, तेव्हा मी लहान होते. बाबांनी मला आधी पूर्णेला आत्याकडे पाठवलं आणि मागून माय आणि ते रेल्वेनं आले. घर राहिलं, दारातला लिंब राहिला, कुत्रा राहिला. कुत्रा शेजारच्या धनगराला दिलाय, मेंढरांमागं हिंडतोय, मजेत आहे, असं मला सांगण्यात आलं. मी ते मानलं. नंतर बाबांची बदली या तालुक्याच्या गावी झाली आणि आम्ही इथले झालो. निदान बाबा आणि मी झालो. माय गेल्या घराचं नाव काढत नसे, पण रोज जेवण उरकल्यावर भाकरीचा एक तुकडा हातात घेऊन दारात उभी राहायची आणि जरा वेळानं तो गल्लीतल्या गायीला घालायची.

कुत्रं कुठून आणायचं, हे तिला शेजारणीनं सांगितलं होतं. बसस्टँडच्या मागं कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली, रस्त्यात आडवी झालेली गुरं तिथं आणून कोंडत आणि मालकानं दंड भरला की सोडत. मागच्या अंगाला जाळीची एक लांबट खोली होती. तिच्यात गळ्यात बिल्ला नसलेली कुत्री धरून ठेवत. दोन-तीन आठवड्यांत मालक आला तर ठीक, नाहीतर गाडी यायची. गाडी त्यांना कुठं नेते हे कुणी विचारत नसे.

अडचण अशी होती की तिथून कुत्रं फक्त मालकाला मिळायचं. ज्याचं कुत्रं तिथं नाहीच, त्याला ते द्यायची सोय नव्हती. मग लोकांनी आपली एक रीत पाडली होती. दोन-तीन रविवार जायचं, पसंत पडलेल्या कुत्र्याला भाकरी घालायची, ओळख वाढवायची. मग एके दिवशी तोंड पाडून सांगायचं की हे आमचं, दावं तोडून सुटलं होतं. कोंडवाड्याचा राखणदार म्हणायचा, बोलवा बघू. कुत्रं शेपूट हलवत आलं की झालं, ते त्याचं. राखणदाराला हे नाटक तोंडपाठ होतं. तंबाखू मळत तो दुसरीकडं बघायचा.

मला ही रीत बिलकुल पटली नाही. एका कुत्र्यासाठी एवढं सोंग कशाला, असं मी वाटेत दोनदा म्हणाले. पण मायला अशा ठिकाणी एकटीनं जायचा संकोच वाटायचा, म्हणून मी गेले.

पहिल्या रविवारी आम्ही जाळीपाशी जाऊन उभ्या राहिलो आणि आतली सगळी कुत्री एकदम उठून पुढं आली. मी कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही असं ठरवून गेले होते. ते दोन मिनिटंही टिकलं नाही. एक म्हातारं पांढरं कुत्रं जाळीला तोंड लावून माझ्या ओढणीचा वास घेत होतं, आणि मी त्याच्या ओळखीची कुणी नाही हे कळल्यावर ते बाजूला झालं. बाकीची भुंकत होती, एकमेकांच्या अंगावर चढत होती. एक काळं पिल्लू उड्या मारत होतं, नुसतं पायाशी लोळायचं बाकी होतं. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, न्यायचं तर हेच.

मायनं भाकरी मोडून जाळीतून आत टाकली आणि सगळी तुटून पडली. एकच उठली नाही. भुऱ्या रंगाची, कान फाटलेली एक कुत्री कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडली होती. माय जाळीच्या कडेकडेनं तिच्यापर्यंत गेली, एक तुकडा तिच्या पाठीशी टाकला आणि यू यू करत बसली. कुत्रीनं मान वळवली नाही. तुकडा पिल्लानं पळवला.

परत येताना मला विनाकारण राग आला होता. कुणावर, ते सांगता आलं नसतं. एक आणायला गेलो की उरलेल्या सगळ्यांना नाही म्हणून यावं लागतं, हे जायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी ते म्हातारं पांढरं कुत्रं नव्हतं. मायनं राखणदाराला विचारलं, तो म्हणाला गेलं. मायनं पुढं विचारलं नाही. ती थेट कोपऱ्याकडं गेली. भुरी तशीच होती, भिंतीकडं तोंड. मी पिल्लाशी सलगी करत होते, तेही माझी बोटं चावत होतं. मी मायला म्हटलं, अगं हे बघ, हे आपण होऊन येतंय, त्या मेल्यागत पडलेल्या कुत्रीच्या मागं काय लागलीस? आम्ही तिथंच हळू आवाजात बऱ्यापैकी भांडलो. शेवटी ती म्हणाली, "त्या पिल्लाला कुनीबी नेईल. हिला कोन नेतंय?"

ती म्हणाली तसंच झालं. तिसऱ्या रविवारी पिल्लू एका किराणा दुकानदाराच्या पोरांनी नेलेलं होतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्या दिवशी भुरीनं मायनं टाकलेला तुकडा खाल्ला. तोंड न वळवता, पंजानं ओढून खाल्ला. मायला केवढा आनंद झाला. तिनं राखणदाराला सांगून टाकलं की ही कुत्री आमची आहे.

राखणदारानं तिच्याकडं आणि भिंतीकडं तोंड केलेल्या कुत्रीकडं पाहिलं. तो म्हणाला, घरातल्या कर्त्या माणसाला घेऊन या, बायामाणसांच्या हवाली आम्ही जनावर करत नाही. आणि लवकर या, मंगळवारी गाडी आहे.

म्हणजे गाठ बाबांशी आली. बाबा खरं बोलण्याच्या बाबतीत अगदी हाताबाहेर गेलेले होते. एकदा देवगाव फाट्याच्या बसमध्ये कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं, तर बाबांनी त्याला मागून हाक मारून सांगितलं की पोरीला गेल्याच महिन्यात बारावं सरलंय. असा माणूस परक्या कुत्रीला आपली म्हणणार, हे सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी होतं. झालंही तसंच. मायनं विषय काढला. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले की जे आपलं नाही त्याला आपलं म्हणायला त्यांना जमणार नाही. मग पेपर पुन्हा उचलला, पण पान काही उलटलं नाही.

मी भडकले. स्वयंपाकघरात येऊन मायला म्हटलं, यांच्या खरेपणापायी त्या मुक्या जनावराचा जीव जायचा. माय चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता तिनं मला पहिल्यांदाच ते सांगितलं.

धनगर वगैरे काही नव्हता. ते दोघं गाव सोडून निघाले तेव्हा कुत्रा मागोमाग चुडाव्याच्या स्टेशनपर्यंत आला. हाकलला तरी जाईना. गाडी आत यायला लागली आणि तो रुळांकडं धावला. बाबांनी खाली वाकून दगड उचलला आणि मारला. तो तोंडावर बसला. कुत्रा मागं सरला आणि तिथंच बसून राहिला. माय म्हणाली, "रगत यायलं होतं, तरी शेपटी हलवायलाच होता. तवापासून ह्यांनी कुठल्या कुत्र्याला हात लावला न्हाई."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

सोमवारी शाळेला कसली तरी सुट्टी होती. सकाळी बाबांनी आंघोळ केली, इन्स्पेक्शनच्या दिवशी घालायचे ते पांढरे कपडे घातले आणि सायकलला हात न लावता मायला म्हणाले, चल. माय लगबगीनं निघाली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. बाबा तिथं जाऊन काय करणार, याचा मला अंदाज येईना. एकदा वाटलं, नाही म्हणतील आणि राखणदाराला खरेपणावर दोन शब्द ऐकवून येतील. तसं झालं असतं तर मी त्यांच्याशी महिनाभर तरी बोलले नसते.

राखणदार ओट्यावर बसला होता. मास्तर म्हणून तो त्यांना ओळखत होता, उठून उभा राहिला. कोणती म्हणता, असं त्यानं विचारलं. मायनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "तुमी सांगा गुरुजी. ही कुत्री तुमची हाय का?"

बाबा जाळीतून बघत राहिले. भुरीची पाठ दिसत होती, बरगड्या मोजता येतील अशी. बाकीची कुत्री जाळीला येऊन भिडली होती आणि बाबा त्यांच्यावरून नजर फिरवून पुन्हा कोपऱ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता मान हलवतील.

"माझीच हाय," ते म्हणाले. "मीच टाकून गेलतो."

तंबाखू मळणारा राखणदाराचा हात थांबला. इतक्या वर्षांत तिथं येणारा प्रत्येक जण सुटलं म्हणे, हरवलं म्हणे, दावं तुटलं म्हणे. टाकून गेलो असं म्हणणारा त्याला कुणी भेटला नसावा. म्हणूनच त्यानं ते शब्दशः खरं मानलं आणि त्याचा पारा चढला. आधी त्यानं गुरुजी म्हणून जरा आब राखला, मग तोही सोडला. शिकलेला माणूस असं करतो तर अडाण्यांनी काय करावं, असं त्यानं विचारलं. ही कुत्री आल्यापासून भिंतीकडंच तोंड करून पडलीय, का पडलीय ते आज कळलं, म्हणाला. हाताला माणूस आणि दाराला कुत्रं एकदा लागलं की ते असं वाटेत टाकत नसतात, त्याला काय वाटलं असेल, तुम्ही दिसेनासे झाल्यावर ते किती वेळ तिथंच बसलं असेल. आवाज ऐकून बाहेर रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

बाबा हात खाली सोडून ऐकत होते. वर्गात मार खायला पोरं उभी राहतात तसे. ही आमची नाहीच, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिच्याकडं बघितलं तर ती रडत होती. मग मलाही कळलं. हे बोलणारं कुणीतरी भेटावं म्हणून बाबा इतकी वर्षं थांबले होते, आणि मायला ते बोलणं कधी जमलं नव्हतं.

राखणदार बोलून बोलून दमला, तेव्हा बाबा म्हणाले, "चुकलं माझं."

राखणदारानं कुत्रीला बोलवायला सांगितलंच नाही. त्यानं कडी काढली. बाबा पांढऱ्या कपड्यांनिशी आत गेले, बाकीच्या कुत्र्यांमधून वाट काढत कोपऱ्यात पोहोचले आणि भुरीच्या शेजारी, तिच्यासारखंच भिंतीकडं तोंड करून, खाली बसले.