सोडून दिलेली मरळ

आज चिलापी मासे तळताना त्या वासानं मला थेट रंकाळ्याच्या काठावर नेलं. आजारातून उठलेल्या आईनं कितीतरी दिवसांनी तोंडानं काही मागितलं होतं, माशाचं कालवण. माझ्या गळाला मोठी मरळ लागली. तळ्यातल्या माशांची राखण करणाऱ्या दस्तगीरचाचांनी तिचं पोट चाचपलं.

“अंडी हायती. सोडा, पावणं.”

“आई आजारी हाय ओ!” मी ओरडलो.

“व्हय, पर हिच्या पोटात हजार पिल्लं हायती की.”

मी धुसफुसत मरळ सोडली. चाचांनी स्वतःच्या पिशवीतल्या दोन चिलापी माझ्या हातात ठेवल्या. “ह्या न्या. ह्या तळ्यात लई झाल्यात.”

मी आभारही न मानता निघालो. त्या दिवशी आई दोनदा भात मागून जेवली. चाचा स्वतः काय जेवले असतील, हा प्रश्न मला आज पडतोय.