भावाच्या डोक्यातली आई

पेणहून रोह्याला जाताना खिडकीच्या जागेवरून मी ज्यांच्याशी हुज्जत घातली, त्या बाई जीवशास्त्राच्या शिक्षिका निघाल्या. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. बोलताना अंगठ्याने हवेत चिखल लिंपायच्या. जागा मिळाल्यावर मी गाऱ्हाणं काढलं: रोह्याच्या अलीकडे निडीला राहणाऱ्या भावाने आईचं शेवटचं आजारपण मला कळवलंच नाही.

"आठवण धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, दादा," त्या म्हणाल्या. "मेंदूत पेशी जिथं जुळतात, तिथंच नवी बनत राहतात, म्हणून आठवण टिकते. खाडीचा बांध लिंपत राहतो ना, तसं."

"माझा बांध पक्का हाय!"

"व्हय, रागाचा. आईचे शेवटचे दिवस भावाच्याच डोक्यात हायत. त्याचा बांध फुटला की गेले."

मी निडीला उतरलो. भांडायलाच उतरलो होतो, पण आधी आईचं विचारलं.