हंसाचा दिवा

गोडदेवच्या उत्तम भोईरांनी बायकोसाठी दारावरच्या घंटीचा दिवा केला, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हंसाताई आयुष्यभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. शेजारी प्रेस मशिनं धडधडायची, त्यात हळूहळू कान गेले. कानाचं मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून त्या ते डब्यात ठेवून द्यायच्या.

उत्तमरावांनी लिनक्सवर चालणारे दोन बोर्ड, म्हणजे तळहाताएवढे संगणकच, आणले. एक दारावरच्या बटणाला, दुसरा स्वयंपाकघरातल्या दिव्याला. बटण दाबलं की वायफायवरून निरोप जायचा आणि निळा दिवा लुकलुकायचा. पहिल्या दिवशी हंसाताईंनी त्यांना दहा वेळा बाहेर पाठवून बटण दाबायला लावलं.

मग एके दुपारी डेझी घरी आली. कारखान्यातली जुनी मैत्रीण, उत्तनची. बोंबील घेऊन आली, बटण दाबत राहिली, कोणी दार उघडेना. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. उत्तमरावांनी फोन केला तर म्हणाली, "चपला भाएर, ती आत. मला भेटायचं न्हाय तं तसं सांगायचं ना, उत्तमभाऊ!"

हंसाताई रडवेल्या झाल्या. "अहो, दिवा लागलाच नाही हो. मी इथेच बसले होते."

उत्तमरावांनी बटण दाबलं. दिवा लागला. संध्याकाळी लागला, सकाळी लागला. दुपारी मात्र ते नेमके मित्राच्या दुकानात मदतीला असायचे. शेवटी एक दिवस ते घरीच थांबले. जेवणं झाल्यावर बटण दाबलं, आणि दिवा ढिम्म!

लॅपटॉप घेऊन ते दिव्याशेजारीच बसले. दिव्याच्या बोर्डाचा आयपी पत्ता त्यांनी स्वतःच टाइप करून कायमचा ठेवला होता. त्या पत्त्यावर हाक मारली तर उत्तर येत होतं. म्हणजे बोर्ड जिवंत होता. मग दिवा का लागत नाही? वैतागून त्यांनी बोर्डाचा प्लगच काढला.

तरी उत्तर येतच राहिलं.

बंद पडलेला बोर्ड हातात धरून ते स्क्रीनकडे बघत बसले. घरात आणखी कोणीतरी त्याच पत्त्यावरून उत्तर देत होतं. त्यांनी राउटरची यादी उघडली. त्या पत्त्यासमोर टॅबलेटचं नाव होतं.

टॅबलेट मुलीने, रसिकाने, दिवाळीत आईला दिला होता. खाली अक्षरं येणाऱ्या मालिका हंसाताई रोज जेवणानंतर त्यावर बघायच्या. तो पत्ता दिव्यासाठी अडवलाय हे राउटरला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने तोच टॅबलेटला देऊन टाकला होता. मालिका सुरू झाली की बटणाचा निरोप दिव्याऐवजी टॅबलेटकडे जायचा.

उत्तमरावांनी खुणा करून, थोडं लिहून समजावलं. हंसाताई ओशाळल्या. "म्हणजे माझ्या मालिकेमुळे?"

"तुझं काय त्यात? दोघांना एकच खोली दिली गेली. चूक मालकाची, म्हणजे माझी."

त्यांनी बोर्डातला हाताने टाइप केलेला पत्ता काढला आणि पत्ता राउटरकडून घ्यायला लावला. राउटरमध्ये तो पत्ता दिव्याच्या नावावर राखून ठेवला, टॅबलेटचं वायफाय एकदा बंद-चालू करून त्याला दुसरा पत्ता घ्यायला लावला. मालिका चालू ठेवूनच बटण दाबलं. दिवा लागला, तशा हंसाताई टॅबलेट सोडून चपला शोधायला लागल्या.

"कुठे?"

"उत्तनला. डेझीकडे."

दोघं बसने गेले. डेझीने दार उघडलं, पण तोंड फुगलेलंच. उत्तमराव पत्त्यांचा घोळ सांगायला लागले. तिला त्यातलं निम्मं कळलं नसावं. तिने हंसाताईंकडे बघितलं, त्यांचा हात धरला आणि अगदी जवळ जाऊन, ओठ दिसतील असं हळू म्हणाली, "अगं वेडे, मला वाटलं तू रागावलीस."

मग दोघी कारखान्यातल्यासारख्या मोठमोठ्याने बोलत आत गेल्या. उत्तमरावांना चहा विचारायचा राहिलाच. ते पायरीवर बसले, आणि डेझीचा नवरा व्हिन्सेंट आला तेव्हा त्यालाच म्हणाले, "बघा, जमलं तर दोन कप ठेवा."