बसक्या गाडीतले डबे

"नाना, या बारीला गारी न्हाय जमाची. खरंच सांगतू."

"मी इचाराला आयलू का तुला? मी सांगाला आयलू. बुधवारी हलद, बेस्तवारी लगीन. चार वाजता गारी धुवून दारान पायजे. गुणवंताला मी बोलून बसलू."

"शिवा मेस्त्री बोलला, आता येक बार उकलली का संपली. मंग माजं डबं कसं जातील?"

"आरं, विलायतेशी दर्यातून आयली ती गारी. नि गोडदेवपरत जाताना मरंल? मनोरमा, च्या टाक गो बाय. धाकूला येर लागलंय."

धाकूच्या बायकोने, मनोरमाने, चहा टाकला. दुसरं काय करणार? आत्माराम नाना म्हणजे नवघरातल्या भोईर भावकीचा वडीलधारा. त्याच्या घरच्या लग्नाला तो कुणाला विचारत नाही, कामं वाटतो. पाणी कुणी भरायचं, मांडवाचे बांबू कुणी आणायचे, तांदळाच्या भाकऱ्या किती घरांनी बडवायच्या, हे तो ओट्याओट्यावर जाऊन सांगून येतो. त्या वाटणीत धाकू भोईराच्या नावावर गाडी होती. नानाचा नातू गुणवंत याचं लग्न गोडदेवच्या पोरीशी ठरलं होतं, आणि नवरदेव गाडीतून जाणार हे ठरलेलं नव्हतंच. ते गृहीत होतं.

आमच्या आगरी तोंडात गाडीची गारी होते आणि तशीच ती बरी पळते. ही गाडी लाल होती, दोनच माणसांची, कापडी छपराची. इतकी बसकी, की उकिरड्यावरची कोंबडी एका उडीत बॉनेटवर जाऊन बसायची. उतरताना माणसाला आधी हात जमिनीला टेकावा लागे, मग पाय बाहेर. गाव तिला 'बसकी' म्हणायचं. विलायतेत असल्या गाड्या शर्यतीसाठी करतात, असं धाकू सांगायचा. ऐकणारे समोरच्या रस्त्यावरचे खड्डे बघायचे.

ती त्याच्याकडे आली अठ्ठ्याऐंशी साली. उत्तनच्या बाजूला मुंबईच्या एका पारशी डॉक्टरसाहेबांचा बंगला होता, धाकू तिथे ड्रायव्हर. साहेब वारले, पोरं परदेशात, बंगला विकायला निघाला. जाताना बाईंनी चावी त्याच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "आ गाडी तू लई जा, धाकू. भंगारवाळाने नथी आपवी. पण रोज चलावजे. ऊभी रही तो मरी जशे."

भंगारात द्यायची नाही, उभी राहिली तर मरेल, म्हणून रोज चालवायची; पण चालवायची तर कुठे? भाताचं शेत बिल्डरच्या कुंपणात गेलं होतं, नोकरी साहेबांबरोबर गेली. तेव्हा मनोरमानेच डोकं लढवलं. हाटकेशला गाळे नुकते उभे राहिले होते. कुठे स्टीलचे चमचे, कुठे घड्याळाचे पट्टे. तिथली पोरं रत्नागिरीकडची, रायगडची, खोलीवर पाच-पाच जण राहणारी, दुपारी वडापाव खाऊन पोट बिघडवणारी. मनोरमाने डबे सुरू केले. भात, बोंबलाचं कालवण, चपात्या, सोमवारी आणि गुरुवारी वाल. धाकूने गाडीची डावी सीट काढून फळी ठोकली. फळीवर डबे, सीटमागच्या खोबणीत डबे, पायाशी डबे. ज्या जागी साहेबांच्या बाई डोक्याला रुमाल बांधून बसायच्या तिथे सुकटीची चटणी बसली. कातड्याला वास लागला तो लागलाच.

"आ गयी हिरोइन!" गाळ्यांचा वॉचमन ओरडायचा. "आज क्या लायी पेट में?"

"बोंबील. खायेगा?"

"हम पंडित हैं, भाई."

"तो सूंघ ले. उसका पैसा नहीं लेता."

साडेबाराला जेवणाची घंटा व्हायची आणि अर्ध्या तासात परत. डबा घंटेच्या आधी पोचला तर डबा, नाहीतर पोरं वडापाववाल्याकडे. दोनदा उशीर झाला तेव्हा एका गाळ्याच्या सुपरवायझरने स्पष्टच सांगितलं होतं, तिसऱ्यांदा झाला तर मीरा रोडवरून दुसरा माणूस बघू. भोईरांच्या घरातली चूल त्या घंटेवर पेटत होती, आणि घंटा या बसक्या गाडीवर अवलंबून होती.

आणि गाडी कशी, तर सकाळी सासू-सुनेसारखे दोन कार्बोरेटर. एक जागा झाला की दुसरा रुसायचा. धाकू रबरी नळी कानाला लावून दोघांचा श्वास ऐकायचा, इकडचा स्क्रू पिळायचा, तिकडचा सोडायचा. पावसात वरून ताडपत्री. खड्ड्यात पोट घासू नये म्हणून चाकं खड्ड्याच्या कडांवरून न्यायची. हे सगळं जमत होतं. एकच जमत नव्हतं. ती पळत राहिली तर थंड राहायची. मुंगीच्या पावलाने नेली, की काटा लाल रेघेवर आणि पुढून वाफ.

आणि वरात मुंगीच्याच पावलाने जाते.

यात चूक कुणाची म्हणाल, तर पहिली धाकूचीच. पहिल्या वर्षी सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्याने आपण होऊन गाडी काढली. नवरा दुमडलेल्या छपरावर उंच बसला, पाय सीटवर, डोक्याला बाशिंग. गावाने असला नवरा कधी पाहिला नव्हता. एका लग्नाला दिली ती दुसऱ्याला कशी नाही म्हणायची? तिसऱ्या लग्नापासून लोक बेंजोवाल्याला आणि धाकूला एकाच फेरीत सांगायला लागले. दर लग्नात बेंजोपुढे पोरं नाचायची, दहा पावलं गेली की थांबायची. धाकू आत बसून काट्याकडे बघायचा. गेल्या माघात गाडी उकळली ती शिवा मेस्त्रीकडे आठवडा पडून होती. शिवाने इंजिनाचं डोकं उतरवून घासलं, परत बसवलं आणि हात पुसत म्हणाला, "पुढच्या वेळेला मना बोलवू नको. पुजारी बोलव."

"तर मग सरळ सांग ना, देनार न्हाय म्हनून," असं म्हणायला सोपं. धाकूची पोर आशा लग्नाची झाली होती. नानाच्या दारात 'नाही' म्हणायचं, आणि उद्या आपल्या दारात मांडव कोण घालणार? धवलारीण येऊन लग्न लावायची गाणी, धवले, गाणार कुणाच्या शब्दावर? आमच्याकडे लग्न पैशाने लागत नाही, माणसं लागतात. मनोरमा म्हणाली, "गारी गेली तं डबं जातील. भावकी गेली तं पोर घरान बसंल. तूच बग आता." आणि ती कोळंबी सोलायला बसली.

त्याने बघितलं. लग्नाच्या दिवशी, गुरुवारी, डबे पोचवून तो परत आला, बॉनेट उघडलं आणि आतला एक तुकडा काढला. बोटाच्या पेराएवढा, काळा, त्याच्यावरून ठिणगी फिरते. मेस्त्री लोक त्याला रोटर म्हणतात. तो नसला की गाडीला कितीही किल्ली मारा, ती नुसती खोकते. त्याने तो रुमालात गुंडाळून पाटलोणीच्या खिशात घातला, गाडी धुतली, तिला झेंडूचे हारही घातले आणि चार वाजता तोंड पाडून ओट्यावर बसला.

नाना आला. मागे लवू आणि त्याचे सगळे नाचणारे सोबती. लवू नानाच्या भावाचा नातू, वरातीत पुढे राहून शिट्टी फुंकणारा.

"बंद परली, नाना. सकाली डबं देऊन आयलू नि बंद."

नानाने स्वतः किल्ली फिरवून पाहिली. गाडी खोकली. लवूने बॉनेट उघडून आत डोकं घातलं, दोन वायरी हलवल्या, बाहेर काढलं. नानाचं तोंड उतरलं. गुणवंत बाशिंग हातात घेऊन उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. धाकूला वाईट वाटलं. पण सुटलो असंही वाटलं.

मग लवू म्हणाला, "नाना, आपल्याला जायाचं तं वाजत गाजतच हाय ना? मंग इंजन कनाला पायजे? आमी ढकलतू!"

"खरा शाना माजा लवू!" नाना म्हणाला. "धाकू, तू गारीन बस. तू निसता सुकाणू धर."

खरं सांगायचं तर धाकूला वाटलं, हे तर आणखीच बरं. इंजिन बंद, म्हणजे उकळायचा प्रश्नच नाही. गाडी पण वाचली, भावकी पण वाचली. त्याने फळी काढून सीट बसवली, करवली दिवा घेऊन तिच्यावर बसली, गुणवंत छपरावर चढला, बेंजो वाजला आणि दहा-बारा पोरांनी मागून हात लावला. नवघरच्या वळणापर्यंत धाकू इतका खूश होता की हॉर्नही वाजवला.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. आजवर त्या बॉनेटवर कुणी बसलं नव्हतं, कारण ते तव्यासारखं तापायचं. कुणी फार लोंबकळलं की धाकू आतून ओरडायचा, "इंजन तापतंय, उतरा रं!" आणि लोक वाफेला भिऊन उतरायचे. तापणं हीच तिची राखण होती. आज बॉनेट गार. पहिल्यांदा दोन पोरं चढली, मग नवऱ्याचा मामा चढला, मग मामाने आपल्या भावाला हात दिला. दोघे बॉनेटवर उभे राहून नाचू लागले. मागे डिकीवर चौघे.

"मामा, खाली उतरा! चाकं तारंची हायत!"

"काय?"

"तारंची! सायकलीसारकी!"

बेंजोत कुणाला ऐकू जाणार? मामाने त्याला वरून फ्लाइंग किस दिला.

इंजिन चालू असतं तर त्याने गाडी पुढे काढली असती, बाजूला घेतली असती. आता पुढे नेणारे हात मागच्यांचे, त्याच्या हातात नुसतं सुकाणू. ब्रेक दाबला तर मामा तोंडावर पडणार. गोडदेवच्या अलीकडे पाइपासाठी रस्ता खणून वर माती लोटली होती. तिथे पुढचं डावं चाक उतरलं. एक तार तुटली तेव्हा टाळीसारखा आवाज आला. मग दुसरी, तिसरी, आणि मग मोजायला वेळच मिळाला नाही. चाक पत्रावळीसारखं दुमडलं आणि बसकी आणखी बसली. दिवा सांडला, करवली किंचाळली, मामा मातीत उडी मारून उभा राहिला. लागलं कुणालाच नाही.

नाना धावत आला. आधी नातवाकडे बघितलं, मग करवलीकडे, मग चाकाकडे. "गारीचं मागशी बगू," म्हणाला, "मुहूर्त टलंल." लवूने गुणवंताला खांद्यावर घेतलं, बेंजो पुन्हा सुरू झाला आणि वरात धाकूला वळसा घालून पुढे गेली. तो आत बसूनच होता. दार उघडलं असतं तरी मातीत अडकलं असतं.

लग्न लागल्यावर तीच पोरं परत आली. गाडी उचलली, खरंच हातांवर उचलली, आणि गाणी म्हणत त्याच्या दारात आणून ठेवली. चाकाच्या जागी विटा लावल्या. किती मायेने लावल्या! एकाने तर पडलेला हार परत बॉनेटवर ठेवला. या पोरांवर ओरडायचं तरी कशावरून?

सकाळी शिवा मेस्त्री वाकून बघून उठला. "चाकाचं सोर. आतला दांडा पन वाकलाय. हे मुंबईन न्हाय भेटाचं."

"मंग कुठं भेटंल?"

"जिथशी आयली तिथं."

तेवढ्यात नाना आला, हातात झाकलेलं ताट. लग्नाचे लाडू, वडे. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला.

"वाईट झालं रं धाकू. पन शकून चांगला. नवरा खाली नाय परला." मग तो ओट्यावर टेकला. "तू बंद गारीन बसलास, पन 'न्हाय' म्हनाला न्हायस. हे मी इसरनार नाय. आशेच्या लगनाला सगली भावकी उभी ऱ्हाईल. पानी, मांडव, भाकऱ्या, तू कशाची कालजी करू नको."

मनोरमा आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि नानाच्या पाया पडली. खरोखर मनापासून पडली.

नाना उठला. जाता जाता विटांवरच्या गाडीकडे बघून म्हणाला, "तवर ही नीट करून ठेव. आशेचा नवरा कशान येल न्हायतं?"

धाकूने मान हलवली. शिवा मेस्त्री उगाच पाना पुसत राहिला.

आत डबे भरून झाले होते. दहा वाजत आले होते. रिक्षावाले एवढे डबे घेत नाहीत, आणि घेतले तर कालवण सांडलं म्हणून भांडतात. धाकू माळ्यावर चढला आणि बापाची कावड खाली काढली. जाळं झटकलं, दोन्ही टोकांना टोपल्या बांधल्या. टोपल्या भरल्या तरी निम्मे डबे ओट्यावर उरले.

"यांचं काय करू?" मनोरमाने विचारलं.

"स्टीलवाल्यांचं आज पोचतील. पट्ट्यावाल्यांचं ऱ्हाव दे."

"त्यांना काय सांगशील?"

"काय सांगनार? घंटा व्हईल, त्यांना कलंलच."

तो खाली वाकला, कावड खांद्यावर घेतली, तोल जुळवला. बांबू करकरला. उजवा खांदा टोचला म्हणून डाव्यावर घेतली, आणि हाटकेशच्या रस्त्याला लागला. पट्ट्यावाल्यांचे डबे मनोरमाने एकेक उघडून चपात्या गार व्हायला काढून ठेवल्या. कालवण सांडू नये म्हणून धाकू पावलं लहान टाकत होता, आणि घंटा गाठायची म्हणून भरभर.