गिरगाव ते घोडपदेव: गणपती, चिवडा आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध

घोडपदेवहून दत्तामामाचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. "यंदाचो देखावो अमेरिकेचो असा. गुलामगिरी नि यादवी युद्ध. बघूक ये." म्हटलं, मामा, गणपतीत हे? तर म्हणाला, "मगे? दरवर्षी कंसाकच मारायचो?" झालं! भाजी करपली, पण एसटीचं बुकिंग झालं.

पहाटे मी आणि नवऱ्यानं पुणं सोडलं, दादरला उतरलो आणि टॅक्सीनं थेट गिरगाव. तुम्हीही जाणार असाल तर कामाच्या दिवशी सकाळीच जा, रविवारी गेलात तर फक्त माणसांच्या पाठी बघून याल. गिरगावातल्या चाळींचे गणपती मला फार आवडतात. ओळख ना पाळख, तरी "प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं!" असा दम मिळतो. पुण्याबाहेरच्या मिसळीला मिसळ न मानणाऱ्या माझ्या नवऱ्यानं तिथं दोनदा रस्सा मागितला.

तिथून बसनं लालबाग. मोठ्या गणपतीची रांग बघूनच रस्त्यावरून हात जोडले, चिवडा गल्लीतून मामासाठी चिवडा घेतला आणि चालत घोडपदेव गाठलं. सावकाश गेलात तरी अर्ध्या तासात पोचाल, फक्त पाणी जवळ ठेवा. वाटेत जुन्या गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे आहेत. माझ्या आजोबांचं आयुष्य अशाच एका गिरणीत गेलं, त्यामुळे मान वर करून बघताना मला उगाचच राग येतो.

मामाच्या चाळीपाशी पोचलो तर मंडपाचा पडदा बंद. बाहेर पाटी, 'देखावा तूर्त बंद'. मामी म्हणाली, "दोघां म्हाताऱ्यांनी अबोलो धरल्यानी हा. आता तूच बघ बाय."

दुसरा म्हातारा म्हणजे पीटरकाका, शेजारच्या गल्लीतले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. चाळी उभ्या राहायच्या आधीपासून त्यांचं घर तिथं आहे. मामा निवेदन लिहितो आणि आपल्या खर्जात बोलतो, पीटरकाका बाहुल्या घडवून मोटरीवर हलवतात. मामाच्या लग्नाआधीपासूनची ही जोडी.

"भांडलात कशावरून?" मी विचारलं. मामानं चिवड्याचा बकाणा भरला आणि गोष्टच सांगायला घेतली.

"अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची शेतं. राबणारे गुलाम, विकत घेतलेले. उत्तरेनं आपल्याकडची गुलामगिरी मोडलेली. आता नवीन राज्य देशात येवचा झाला की भांडण: तिथं गुलाम ठेवायचे की नाही? प्रत्येक वेळी वडीलधारे बसत, तडजोड काढत. एक राज्य तुझं, एक माझं. मग कायदो झालो, उत्तरेत पळून आलेल्याक पकडून परत मालकाकडे धाडायचा. 'आमका काय करूचा' म्हणणाऱ्या उत्तरेतल्यांच्या दारातून माणसं फरफटत नेली, तेव्हा लोक पेटले. शेवटी नवीन मुलखात गुलामगिरी नको म्हणणारो अध्यक्ष निवडून इलो, नि दक्षिण फुटून निघाली. तोफा सुटल्या. तिकडचा कापूस अडलो, तसो आपल्या कापसाक सोन्याचो भाव इलो. ही मुंबई फुगली ना, त्यात तो पण पैसो असा."

"ते कळलं. तुमचं भांडण?"

पीटरकाकांनी पोर कडेवर घेऊन पळणारी गुलाम बाई केली होती. मंडळाची कमिटी म्हणाली, सणात रडारड नको. मामा म्हणजे चाळीचा कायमचा मध्यस्थ, नळापासून पार्किंगपर्यंत सगळी भांडणं मिटवणार. त्यानं इथंही मधला मार्ग काढला. बाई पडद्यामागं, फक्त तिचा आवाज. आणि शेवट दरवर्षीसारखा, पाकळ्या पडतात आणि भांडणारे मिठी मारतात. म्हणजे मालक आणि गुलाम! पीटरकाका म्हणाले, "दत्ता, जिच्यावरून भांडण तिलाच पडद्यामागं? आणि ती त्याला मिठी मारेल?" हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेले. त्यांच्याशिवाय एक मोटर फिरेना.

"मी म्हटलंय, थोडा तुझा, थोडा माझा..." मामा बोलता बोलता थांबला. हातातला चिवडा तसाच. "मेल्या दत्ता," स्वतःलाच म्हणाला, "तडजोडवाल्यांका नावं ठेवतंस नि तूच तो!"

चपला घालून तो निघाला. आम्ही मागोमाग. पीटरकाका गॅलरीत पेपर वाचत होते, तोंड वर केलं नाही.

"पीटर, तिका पुढे घेतंय."

"आणि मिठी?"

"ती पण काढतंय."

"कमिटी?"

"कमिटीक मी बघतंय. हयात आसंय अजून."

पेपर खाली आला. "पोरीनं यंदाही लालबागचा चिवडा आणलाय ना? का सगळा संपवलास?"

तासाभरात पडदा उघडला. टेपवर जुनंच निवेदन, म्हणून मामा समोर उभा राहून बोलला. बाई पोराला घेऊन पुढं आली, पाठलागाची कुत्री भुंकली, तोफा झाल्या. पाकळ्या पडल्या नाहीत. मग पुढच्या रांगेतली एक आजी त्या बाहुलीला म्हणाली, "पोराक घट्ट धर गो बाय." मी ढसाढसा रडले, लपवत नाही.

पुण्यात परत आल्यावर पाय आठवडाभर दुखले. मिसळीचं गुपित नवऱ्यानं अजून कबूल केलेलं नाही. आमच्याही घरात कुणी "सुवर्णमध्य काढू" म्हटलं की मी आता आधी विचारते, काढणार कुणाच्या जिवावर?

विसर्जनानंतर मामाचा फोन आला. बाहुल्या गोदामात गेल्या का, मी विचारलं.

"सगळ्या गेल्या. ती बाई तेवढी पीटरनं घरी नेली. गॅलरीत बसवल्यान हा, पोरासकट. मोटर काढून टाकल्यान."

"मोटर का काढली?"

"म्हणता, आता किती पळतली?"