एक नंबरचे दोन धाकटे

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षानंतर हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मी ट्रेनिंगला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडनेरहून रोज एसटीने जायचे. पहिल्याच दिवशी मेंटेनन्सचे इंजिनीअर कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातून आले आणि म्हणाले, "बस गेली."

मी घाबरून विचारलं, "सर, मग मी आत्ताच निघू का? पुढची गाडी फार उशिरा आहे."

सगळे हसले. ती बस म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपासून आठही कार्डिंग मशीनपर्यंत गेलेली एक जांभळी केबल होती, फील्डबस. तिच्यावरून कंट्रोलर आणि मशीन एकमेकांशी बोलतात. इंजिनीअर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शनिवारी तुला इथले असे शब्द विचारीन. आले तर कंट्रोलरच्या पॅनेलपाशी राहायचं. नाहीतर उरलेले दिवस पॅकिंग खात्यात."

पॅकिंगमध्ये सुताचे कोन पिशव्यांत भरायचे. काम वाईट नव्हतं, पण मला ते पॅनेलच हवं होतं. मशीनवर कापसाचा पेळू तुटला की पॅनेलवर इनपुटचा एक दिवा लागायचा, आउटपुटचा विझायचा आणि मशीन थांबायचं. दोन दिवसांत मला नुसत्या दिव्यांवरून कळू लागलं, कोणतं मशीन थांबलं ते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

वहीत शब्द उतरवत गेले. इनपुट, म्हणजे मशीन सांगतं ते. आउटपुट, म्हणजे मशीनला सांगायचं ते. स्कॅन, म्हणजे सगळे इनपुट वाचायचे, प्रोग्राम चालवायचा, आउटपुट द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून, एका सेकंदात कितीतरी वेळा. हे समजलं तेव्हा मी एसटीत एकटीच हसले होते. अॅड्रेस, म्हणजे प्रत्येक मशीनचा पत्ता, नुसता एक आकडा. मास्टर, म्हणजे कंट्रोलर, एकेक आकडा पुकारतो. आणि ज्याचा आकडा पुकारला तेवढाच उत्तर देतो, एरवी गप्प राहतो, तो स्लेव्ह.

डिक्शनरीत स्लेव्हपुढे 'गुलाम' लिहिलं होतं. आमची वस्ती बौद्धांची. विहारात लहानपणापासून तो शब्द ज्या अर्थाने ऐकला होता, तो माझ्या हाताने वहीत उतरेना. मी मास्टरपुढे 'मोठा' लिहिलं आणि स्लेव्हपुढे 'धाकटा'.

शनिवारी सकाळी फिटरकाकांनी सात नंबरच्या मशीनचा ड्राइव्ह बदलला. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा. लाइन सुरू केली तर पॅनेलवर दोन लाल दिवे, सातचा आणि एकचा.

"सातचं समजू शकतो," इंजिनीअर म्हणाले. "एकला कोणी हात लावला?"

"कोनीच नाई, साहेब. मी तं सातवरच काम करून राह्यलो होतो." मग काका माझ्याकडे वळले. "काऊन वं पोरी, गेली ना तुही बस? आता वडनेरले पैदल जाशीन का?"

इंजिनीअरांनी माझ्याकडे पाहिलं. "चल, तुझी परीक्षा इथेच. बस कशी चालते, सांग."

"सर, मोठा एकेकाचा नंबर पुकारतो. ज्याचा नंबर असेल तो धाकटा उत्तर देतो. बाकीचे गप्प..." इथे मी अडखळले, पण भीतीने नाही. "काका, नव्या ड्राइव्हले नंबर कोनी देल्ला?"

"नंबर? खोक्यातून काढला अन् लावला."

"सर, तो कारखान्यातूनच एक नंबर घेऊन आला असेल तर? मग एकला हाक मारली की दोघं एकदम बोलणार, कुणाचंच कळणार नाही. आणि सातला हाक मारली की ओ द्यायला कुणीच नाही!"

इतकं सलग मी त्या गिरणीत पहिल्यांदाच बोलले होते. इंजिनीअरांनी लाइन बंद करवून ड्राइव्हचं झाकण काढलं. आत नंबर लावायची बारीक चकती होती. काटा एकवर होता.

त्यांनी पेचकस माझ्याच हातात दिला. काटा आधी सहावर थांबला, मग आठवर. शेवटी सातवर आणला. लाइन सुरू झाली. एकचा दिवा हिरवा झाला. मग सातचाही. पेळू फिरत फिरत खाली उतरू लागला आणि मी चक्क टाळी वाजवली.

"धाकटा कुठून काढलास?" इंजिनीअरांनी विचारलं.

"सर, गुलाम लिहावंसं वाटलं नाही."

ते म्हणाले, "कॉलेजच्या परीक्षेत पुस्तकातला शब्द लिही. इथे धाकटाच म्हणू. सोमवारी नववं मशीन जोडायचं आहे, त्याला नंबर तू लाव."

"म्हंजे पॅकिंगवाल्या बायाईले सांगू का," काका म्हणाले, "का पोरगी येत नाई म्हून?"

"सांगा काका," मी म्हटलं, "आत्ताच जाऊन सांगा."